दुसरं नाव लिहा

मृत्युपत्र करणारे पंचाहत्तरीचे आणि व्यवस्थापक म्हणून नेमलेला मित्र शहात्तरचा. अशी जोडी घरोघरी सापडते. विश्वासातला माणूस बहुधा आपल्याच वयाचा असतो. पण त्याचं काम सुरू होतं ते आपण गेल्यावर, याचा विचारच होत नाही.

मग प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, मिळतं, बँकेतल्या ठेवी निघतात आणि फ्लॅट नावावर व्हायच्या आत मित्रही जातो. फाइल त्याच्या कपाटात राहते. त्याचा मुलगा ती आणून देतो. पण सही कोण करणार? व्यवस्थापकपद वारशाने मुलाकडे जात नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २५८ नुसार उरलेल्या मालमत्तेपुरता नवा प्रतिनिधी न्यायालयाकडून नेमून घ्यावा लागतो. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा वकील, पुन्हा तारखा. तोवर वारस घराबाहेरच.

व्यवस्थापक हयात असून काम करत नसेल, तर कलम ३०१ खाली उच्च न्यायालय त्याला दूर करून दुसरा नेमू शकतं. पण भावाविरुद्ध किंवा काकाविरुद्ध अर्ज करायला कोणाचा हात धजावतो? गैरकारभार चालतो तो या भिडेवरच. म्हणून हिशेब मागा. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात जमाखर्च न्यायालयात देणं, हे कलम ३१७ प्रमाणे त्याचं कर्तव्य आहे. हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. माणूस बदलला तर नव्याला काम कुठून उचलायचं, हे त्या हिशेबावरूनच कळतं.

व्यवस्थापकांनाही एक सांगणं. जमणार नसेल तर आधीच नाही म्हणा. मयताच्या घरच्यांना वर्षभर झुलवून मग हात वर करणं हा अन्याय आहे.

यातली बरीच वणवण एका ओळीने वाचते. व्यवस्थापक दोन नेमा. एक गेला तर कायद्याने दुसऱ्याला काम पुढे नेता येतं. किंवा पहिला हयात नसेल, नकार देईल वा काम अर्धवट राहील, तर अमुक व्यक्ती, असं स्पष्ट लिहा. ती व्यक्ती वयाने लहान असू द्या आणि लिहिण्याआधी तिला विचारा.

तुमचं मृत्युपत्र कपाटात असेल तर आज बाहेर काढा. व्यवस्थापकाचं नाव वाचा, त्याचं वय मोजा आणि दुसरं नाव ठरवून वकिलाला फोन करा.