२२.६ डेसिबलची शांतता

पनवेलमध्ये शांतता उरली नाही, असं म्हणणारे लोक नीट शोधत नाहीत. शांतता आहे. ती कॉम्प्युटरच्या डब्यात, १२० मिलिमीटरच्या चौकटीत, चार स्क्रूंवर उभी आहे.

आमच्या भाच्यानं नवा डेस्कटॉप जुळवायला घेतलाय. प्रोसेसर ठरला, रॅम ठरली, ग्राफिक्स कार्डासाठी वडिलांचं मनही वळलं. गाडी अडली ती पंख्यावर. "मामा, आवाज अजिबात नको," एवढीच त्याची अट. ही अट त्याला ओरडून सांगावी लागली. कारण खोलीतला छताचा पंखा दर फेरीला 'टक' म्हणत होता, शेजारच्या अर्धवट इमारतीत टाइल कापायचं मशीन चालू होतं आणि खाली कोणीतरी बंद फाटकाशी हॉर्नवर बोलत होतं.

शांत पंख्यांच्या निवडणुकीतला पहिला उमेदवार ऑस्ट्रियाचा. नॉक्टुआ ही कंपनी २००५ सालची. तिचे पंखे चॉकलेटी आणि बिस्किटी रंगाचे असतात, त्यामुळे ते सुंदर दिसतात म्हणून कोणी घेतले असा आरोप होऊ शकत नाही. २०१८ साली आलेला त्यांचा एनएफ-ए१२एक्स२५ हा पंखा मिनिटाला २००० फेरे घेतो आणि एवढं करून आवाज करतो २२.६ डेसिबल. पाती आणि चौकट यांच्यातली फट अर्धा मिलिमीटर. (आमच्या गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकमधल्या फटीसाठी मिलिमीटर हे एकक लागत नाही.) कंपनीच्या हिशेबानं आयुष्य दीड लाख तास, म्हणजे न थांबता सतरा वर्षं. १ ऑक्टोबर २०१६ ला जन्मलेली पनवेल महानगरपालिका अजून तेवढी मोठी झालेली नाही. किमतीचं विचारू नका. तेवढ्या पैशांत घराला छताचा बरा पंखा येतो.

दुसरा उमेदवार आर्क्टिकचा पी१२. स्वस्त आणि मस्त, पण तो आपला आवाज डेसिबलमध्ये सांगत नाही. तो सांगतो ०.३ सोन. आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं हे माप, स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९३६ मध्ये मांडलेलं. माप चांगलं आहे, पण भाच्याच्या तक्त्यात एका रकान्यात डेसिबल आणि शेजारी सोन, आणि दोघांची गाठ घालून देणारा भटजी कोणी नाही. तिसऱ्या उमेदवाराच्या खोक्यावर तीन बाजूंनी 'अल्ट्रा सायलेंट' छापलंय. आकड्याच्या बाबतीत तो खरोखरच सायलेंट आहे.

मग रात्र-रात्र तुलना. हा २२.६, तो २३.१. अर्धा डेसिबल! वास्तविक चांगल्या माणसाच्या चांगल्या कानालाही एका डेसिबलच्या आतला फरक कळणं मुश्कील. पण अर्धा डेसिबल कानासाठी नसतोच. तो मित्रांना सांगण्यासाठी असतो.

डेसिबलची बेरीज हा तर वेगळाच प्रांत. २२.६ चे दोन पंखे बसवले तर आवाज ४५.२ होत नाही, २५.६ होतो. दोन पक्षांची युती झाली म्हणून मतं दुप्पट होत नाहीत, तसंच हे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. एवढं गणित समजलं की पनवेलकरानं कायद्याचं पुस्तक उघडावं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. २०१० साली नियम आणखी पक्के झाले. निवासी भागात रात्री आणीबाणीशिवाय हॉर्न वाजवायचा नाही, आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत.

"मामा, हे कुठल्या देशातलं वाचतोयस?"

"भारताच्या राजपत्रातलं."

भाचा बराच वेळ गप्प होता. खालचा हॉर्न नव्हता.

पुढचं कलम तर आम्हाला पाठ करावंसं वाटतं. मर्यादेच्या वर १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर नागरिक तक्रार करू शकतो. म्हणजे दिवसा ५५ ची मर्यादा ओलांडली की लगेच धावायचं नाही, ६५ होईपर्यंत कळ काढायची. ऊर्जा दहापट होऊ द्यायची आणि मग अर्ज लिहायला बसायचं. रात्रीचा नियम मोडला तर एवढं थांबावं लागत नाही, हे खरं. पण रात्री अर्ज लिहायला जागं राहावं लागतं. तीही सोय हळदीचा डीजे करून देतो. शिवाय वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, सणासुदीला, राज्य सरकार लाउडस्पीकरला बारापर्यंत मुभा देऊ शकतं.

आता भाच्याचा पंखा या कायद्यापुढे उभा करा. रात्रीच्या ४५ पेक्षा तो २२.४ डेसिबल खाली आहे. ऊर्जेत मोजलं तर पावणेदोनशे पट कमी. पनवेल शहर आणि तालुक्यात कायद्याचं एवढं काटेकोर पालन करणारा दुसरा रहिवासी आमच्या पाहण्यात नाही. ४५ मध्ये २२.६ मिळवले की उत्तर येतं ४५.०२. याचा अर्थ असा की पनवेलनं उद्या कायदा तंतोतंत पाळला, तरीही मीटरभर अंतरावरून हा पंखा ऐकू येणार नाही. आणि पनवेल ४५ वर असतं कधी? आम्ही मापक घेऊन फिरलो नाही, कान घेऊन फिरलो. गोव्याचा महामार्ग इथून सुटतो, पुण्याचा द्रुतगती मार्ग शेजारी कळंबोलीहून, बंदराकडचे कंटेनर इथूनच वळतात. ज्याला कुठेतरी जायचं असतं, तो पनवेलला हॉर्न वाजवून जातो. भरीला विमानतळ. उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून झाली, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. जमीन भरली म्हणून आवाज आता आकाशातूनही येतो.

असो. पंखा कानानं ऐकूनच घ्यायचा, असं ठरवून भाचा आम्हाला हार्बर लाइननं मुंबईला घेऊन गेला. डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. दुकानदारानं पंखा जोडला आणि भाच्याच्या कानाशी धरला. मागे हातगाडीवाला वाट मागत होता, बस ब्रेक मारत होती, शेजारच्या दुकानात स्पीकरची चाचणी चालू होती.

"आवाज येतोय?"

"नाही."

"मग!"

त्या कसोटीवर तो पंखा सुरू झालाच नसता तरी पहिल्या वर्गात पास झाला असता.

कंपन्या खोटं बोलतात असं नाही. त्यांचा पंखा आवाज शोषणाऱ्या खोलीत, समोर काही आडवं न ठेवता मोजलेला असतो. आपण तो जाळी, धुळीची गाळणी आणि वायरींचं जंजाळ यांच्या मागे कोंबतो. हवेला अडथळा झाला की ती कुरकुरते, आणि ती कुरकुर कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. शिवाय युरोपातल्या चाचणीत खोली असते वीस-एकवीस अंशांवर. मे महिन्यात आपली खोली तेहतीसला. प्रोसेसर पंचाहत्तरच्या आत ठेवायचा तर तिकडे चोपन्न अंशांचा फरक हाताशी असतो, इकडे बेचाळीसचा. तेवढीच उष्णता बाहेर काढायला पनवेलचा पंखा जास्त पळणार आणि पळणारा पंखा बोलणार. त्यात शेजारच्या बांधकामाची धूळ पात्यांवर बसते, ती वेगळीच.

खरा उपाय फुकट आहे, म्हणून कोणी विचारत नाही. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. चार पिनांचा पंखा असेल तर हे बायोसमध्ये बसल्या बसल्या करता येतं. डब्यात जागा असेल तर १४० मिलिमीटरचा मोठा पंखा हळू फिरवावा, आणि महिन्याकाठी गाळणी झटकावी. हे आम्ही भाच्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तक्त्यात आणखी एक उमेदवार वाढवला.

आमचं विचाराल तर पहिला पैसा डोक्यावरच्या 'टक'वर खर्च करावा. कॉम्प्युटरच्या पंख्यात जुन्या काळापासून असलेली बिनब्रशची मोटर आता छतावरही आली आहे. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या अ‍ॅटमबर्गनं तिच्या जोरावर पंच्याहत्तर वॉटचं काम अठ्ठावीस वॉटमध्ये करून दाखवलं. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचे तारेही सक्तीचे झाले. ते तारे किती विजेत किती वारा एवढंच सांगतात, आवाजाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. सरकारच्या दृष्टीनं पंख्याला तोंड नाही आणि नागरिकाला कान नाहीत.

भाच्यानं शेवटी चॉकलेटी पंखाच घेतला. आता वाचकांना एक विनंती. पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली या परिसरात कोणाला आपल्या घरात २२.६ डेसिबलचा पंखा खरोखर ऐकू येत असेल, तर त्यांनी या सदराच्या नावे पत्ता कळवावा. आम्हाला तिथे भाड्यानं खोली हवी आहे. दलाल नकोत.