नळीतलं कुत्रं

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, हे संग्रामपूरच्या पारावर पोराटोरांनाही पाठ. बीजिंगच्या सिनोजीन कंपनीनं म्हणीचीच पंचाईत केली. तिथं परीक्षानळीत सुरू झालेलं आख्खं कुत्रं मे २०१७ मध्ये जन्माला आलं, तेही मुद्दाम बिघडवून.

लाँगलाँग हे त्या बीगल पिल्लाचं नाव. आधी ॲपल नावाच्या बीगलमधलं एपीओई जनुक क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या कात्रीनं निकामी केलं. रक्तातल्या चरबीवर लक्ष ठेवणारा हा जागल्याच गेला, की धमन्या तुंबायला वाट मोकळी. मग ॲपलच्या पेशीचं केंद्रक रिकाम्या केलेल्या बीजांडात बसवून त्याची हुबेहूब प्रत काढली. हेतू मात्र थोर: माणसाच्या हृदयविकारावरची औषधं आधी कुत्र्यावर तपासायची.

ही प्रत झेरॉक्सच्या दुकानात निघत नाही. कुत्रीचं बीजांड कच्चंच बाहेर पडतं आणि बीजनलिकेत पिकतं. त्यामुळे ते वेळेवर हाती लागणं मुश्कील. २००५ साली सोलमध्ये स्नपी हा पहिला क्लोन कुत्रा जन्मला, तेव्हा १,०९५ भ्रूण १२३ माद्यांच्या पोटी ठेवले होते. पिल्लं झाली दोन, जगलं एक. आपल्याकडे ग्रामसभेचा कोरमसुद्धा १०० डोक्यांत भरतो!

“एवढा खटाटोप कायले?” पारावरच्या एका म्हाताऱ्याचा सवाल. “आजारीच पायजे ना? मंग इकडं या.”

म्हाताऱ्याचं चुकतं कुठं? संग्रामपूर पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतं; इथं जमिनीखालचं पाणीच खारं. या तालुक्यातल्या आणि शेजारच्या जळगाव जामोदच्या मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येताहेत. पलीकडे शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवडच्या लोकांचे केस मुठीनं हाती येऊ लागले. आधी संशय पाण्यावर. मग आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचं पथक नमुने घेऊन गेलं. पुढं संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. इतकं सगळं घडलं आणि एकाही जनुकाला कात्री लागली नाही.

लाँगलाँगच्या तब्येतीवर शास्त्रज्ञांचं लक्ष होतं. पारावर त्यावरही चर्चा झाली. मूत्रपिंडाचे हाल सांगणारं आपलं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं, हे मात्र कुणाला आठवेना.

एवढ्यात हॉटेलवाल्यानं जारमधलं विकतचं पाणी ग्लासांत ओतलं. बाकाखालचा मोत्या उठला, आळोखेपिळोखे दिले आणि हापशाखालच्या डबक्याकडे निघाला.