व्हिडिओ प्लेअरचं काय करायचं?

‘टेल्स’ नावाची आख्खी संगणकप्रणाली आठ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावते. पेनड्राइव्ह लावा, संगणक त्यावरून सुरू करा, काम उरका, बंद करा. मुद्दाम जपून ठेवलं नाही तर मागे काही उरत नाही. इंटरनेटवर जायचं तर तुमचा पत्ता लपवणाऱ्या टॉरच्या जाळ्यातून. पत्रकार, कार्यकर्ते, नवऱ्याच्या पाळतीखाली जगणारी बाई, अशांसाठी ती बनवली आहे आणि फुकट आहे. प्रश्न एवढाच की तिच्यात आधीपासून काय काय भरून द्यायचं?

‘कमीत कमी भरा, ज्याला हवं तो बसवून घेईल,’ हे उत्तर जाणकारांना फार आवडतं. मला ते पटत नाही.

डिसेंबर २०१२. अमेरिकी सरकारची पाळत पुढे जगासमोर आणणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने खरं नाव न सांगता पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्डला कळवलं की ईमेल कूटबद्ध करणारं पीजीपी बसवून घ्या, मग बोलू. ग्रीनवाल्डने बसवलं नाही. किचकट होतं, हातात इतर कामं होती. शेवटी स्नोडेनने माहितीपट बनवणाऱ्या लॉरा पॉइट्रसला गाठलं. तिला ते येत होतं. शतकातली एवढी मोठी बातमी एका न बसवलेल्या अॅपपाशी अडली होती. मुरलेल्या पत्रकाराचं हे, तर घाबरलेल्या माणसाने रात्री दोन वाजता काय काय बसवून घ्यायचं?

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट. अँटिव्हायरसवाला जॉन मॅकॅफी बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होता. ‘व्हाइस’ या नियतकालिकाने त्याच्यासोबतचा फोटो छापला आणि फोटोच्या पोटात ग्वाटेमालातले अक्षांश-रेखांश तसेच राहिले. फोटोतली अशी छुपी माहिती पुसून देणारं साधन टेल्समध्ये आधीपासून असतं. असलंच पाहिजे. जे आठवणीने शोधावं लागतं, ते घाईत कुणालाच आठवत नाही.

मग सगळंच भरा? तेही नाही. घातलेलं प्रत्येक अॅप म्हणजे घराला पाडलेली आणखी एक खिडकी, आणि तिची कडी कायम कुणीतरी तपासायला हवी. जून २०२० मध्ये ‘व्हाइस’नेच बातमी दिली: अल्पवयीन मुलींना धमकावून छळणाऱ्या एका माणसाला पकडण्यासाठी फेसबुकने बाहेरच्या कंपनीला पैसे देऊन टेल्सच्या व्हिडिओ प्लेअरमधली फट शोधून घेतली. ती एफबीआयच्या हाती गेली. सापळा लावलेला व्हिडिओ त्याने उघडला आणि त्याचा खरा आयपी पत्ता उघडा पडला. तो पकडला गेला, हे उत्तमच झालं. पण ती फट टेल्स बनवणाऱ्यांना कळवली गेली नव्हती, आणि तोच प्लेअर त्या पाळतीखालच्या बाईच्याही पेनड्राइव्हमध्ये होता.

म्हणून प्लेअर काढून टाका, असं मी म्हणणार नाही. काढला तर काय होईल? कुणीतरी गुपचूप पाठवलेला व्हिडिओ पत्रकाराला बघावाच लागतो. टेल्समध्ये उघडला नाही, तर तो उचलून ऑफिसच्या रोजच्या लॅपटॉपवर टाकेल आणि तिथे डबल क्लिक करेल. अॅप काढल्याने गरज जात नाही, ती आडवाटेने जाते. शिवाय दहा जणांनी आपापल्या आवडीचे दहा प्लेअर बसवले, तर कडी तपासायची कुणी? त्यापेक्षा एकच प्लेअर ठेवा, तो पिंजऱ्यात ठेवा. समोरची फाईल दाखवायला प्लेअरला इंटरनेट लागतंच कशाला? ती वाट तोडा.

गरज मान्य करायची, पण तिला आखून दिलेली वाट द्यायची, हा विचार टेल्सवाल्यांना परका नाही. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वायफायला आधी लॉगिनचं पान उघडावं लागतं, आणि ते टॉरमधून उघडत नाही. त्यासाठी त्यांनी टॉरला वगळून जाणारा वेगळा ब्राउझर दिला. गोपनीयतेसाठी जन्मलेल्या प्रणालीत असा ब्राउझर! पण तो लपवला नाही की गोड नावाने सजवला नाही. त्याचं नावच ‘अनसेफ ब्राउझर’. लॉगिन झालं की त्याचं काम संपलं. प्लेअरवर काम करणाऱ्यांनी आधी तो ब्राउझर उघडून बघावा.