जंगलात गाडी कशी घालावी: बीडकरांसाठी पहिला धडा

सर्वांत आधी, आपल्या जिल्ह्यात जंगल आहे हे घरच्यांना पटवावं. हेच काम अवघड. ‘बीडात कसलं जंगल? नुसती कुसळं,’ असं आजी म्हणेल. तिला सांगावं, पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ पासून आहे, चांगलं ३० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. ती म्हणेल, ‘मोर आपल्या वावरातबी येतो. भुईमूग उकरतो मेला.’ वाद घालू नये. धपाटी तिच्याच हातची न्यायची आहेत.

निघायची वेळ पहाटे पाचची ठरवावी, म्हणजे साडेदहाला गाडी हलते. मोर दिसतात सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर. आपण पोचतो भर बाराला.

मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की काकांना डांबरी सोडायची हुक्की येते. अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय गाडी घालू नये. बाहेरच्या गाडीवाटा काकांना पुरून उरतात. तिसऱ्या वळणावर मोबाइलची रेंज जाते. मग माणसाला विचारायचं. पण दसरा-दिवाळी उलटली की वाड्या-तांड्यांवरची कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली असतात. दारांना कुलपं. एखाद्या ओट्यावर म्हातारी आणि तिच्याभोवती नातवंडं. ती हात करून सांगते, ‘हे काय, नाकासमोर.’ हे अंतर एकापासून अकरा किलोमीटरपर्यंत कितीही भरतं. धपाट्यांचा डबा इथंच निम्मा रिकामा करावा. हा नियम आजीचा, माझा नाही.

आता मोर. पावसाळा सरताना तो पिसारा झाडतो आणि नवा पुरता यायला हिवाळा सरावा लागतो. म्हणजे आपण बरोबर अर्ध्या शेपटाच्या दिवसांत आलेलो असतो. लेकरं म्हणतील, ‘ही तर कोंबडी!’ काका ठासून लांडोर म्हणतील. मानेचा निळा रंग दाखवावा आणि गप्प बसावं. चित्रातला मोर बघायचाच असेल तर जूनमध्ये यावं. पण जूनमध्ये काका पेरणीत असतात.

पुढं सौताडा. विंचरणेचा धबधबा या दिवसांत बारीक होतो; रामेश्वराच्या पायऱ्या मात्र बारमाही तेवढ्याच. ‘गाडीपाशी कुणीतरी पाहिजे,’ असं म्हणून काका वरच थांबतील. खालून आलेल्यांना ते झोपलेले सापडतात.

परतीला कुणाच्या तरी साडूचं वावर लागतंच. तिथं आगटी पेटलेली, हुरडा, शेंगदाण्याची चटणी. जंगल किती बघितलं हा प्रश्न यानंतर कुणी काढत नाही. फक्त उठायचं भान ठेवा. अंधार पडला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात आणि बहुतेकींना मागं लाल दिवा नसतो.