बिनपगारी दुभाषा

इंग्रजी शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर एक पथ्य पाळावं. इंग्रज वाचावा, हवा तेवढा वाचावा, पण बोलताना ऐकू नये. मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात सिंजचं ‘रायडर्स टु द सी’ इतकी वर्षं शिकवलं, की आयर्लंडच्या समुद्रात बुडणारी ती पोरं मला भावकीतली वाटायला लागली होती. त्या नाटकातल्या म्हाताऱ्या आईचं नाव मौर्या. मी ते अशा ठसक्यात उच्चारायचो, की एका विद्यार्थ्याने तिला परीक्षेत थेट चंद्रगुप्ताच्या घराण्यात बसवली. मी त्याला अर्धा गुण दिला, कारण बाकीचं उत्तर माझ्याच नोट्समधलं होतं. आयर्लंडवरचा माझा अधिकार हा असा.

मुलाने पुण्याहून येऊन भिंतीवर मोठा टीव्ही टांगला आणि त्यात सगळे ओटीटी भरून दिले, तेव्हा मी त्याच संध्याकाळी फतवा काढला. रोज रात्रीच्या सासू-सुना बंद. यापुढे या घरात फक्त ब्रिटिश आणि आयरिश. कारणही दिलं. त्यांच्याकडे सहा भागांत गोष्ट संपते. आपल्याकडे सहा भागांत आलेल्या पाहुण्यांनी चपलासुद्धा काढलेल्या नसतात.

“बाबा, सबटायटल्स लावून देऊ का?” मुलाने विचारलं.

“मी असताना?”

हे दोन शब्द मी पुढे अनेकदा आठवले.

“मग मला कोण सांगणार?” आईने विचारलं. आईचं वय पंच्याऐंशीच्या पुढे, आणि तिचा इंग्रजीशी संबंध औषधांच्या नावांपुरता.

“मी सांगेन ना. ओळ न् ओळ.”

सुरुवात ‘डाउनटन ॲबे’ने केली आणि ती फारच झकास झाली. तिथले लॉर्ड लोक प्रत्येक शब्द घोटून बोलतात, त्यामुळे मी गाईडच्या थाटात हातात पट्टी घेऊन उभा. हा वाडा गोष्टीत यॉर्कशायरचा असला तरी खरा हॅम्पशायरचा हायक्लेअर कासल बरं का, वगैरे. पहिल्याच भागात 1912 सालची टायटॅनिक बुडते, तीत वाड्याचा वारस जातो. अर्लसाहेबांना तीन मुली, मुलगा नाही. इस्टेट पदवीला बांधलेली, ती पुरुष वारसालाच जायची. बायकोने अमेरिकेहून आणलेला पैसाही त्याच इस्टेटीत मिसळलेला. आणि वारस निघतो मँचेस्टरचा कोणी लांबचा वकील.

“सुनेचा पैसापण गेला?” आई पुढे सरकली. “मग दत्तक का नाही घेत?”

मी सांगितलं, की इंग्लंडच्या कायद्यात 1926 पर्यंत दत्तकाची सोयच नव्हती, आणि सोय झाल्यावरसुद्धा दत्तक मुलाला पदवी मिळत नाही. आईने काही क्षण विचार केला. आमचं माहेर-सासर सगळं साताऱ्याचं. इथे छत्रपती आप्पासाहेबांनी घेतलेलं दत्तक डलहौसीने 1848 साली नामंजूर केलं आणि अख्खं राज्य खालसा केलं, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं.

“आमचं दत्तक चालत नव्हतं ना?” आई पडद्याकडे बघत म्हणाली. “आता भोगा.”

पुढचे सगळे भाग तिने या एका समाधानात पाहिले. मॅगी स्मिथने साकारलेली थोरली काउंटेस तर तिला इतकी पटली, की मी मध्ये बोलायला लागलो की आईच मला हाताने थांबवायची. “कळलं. सुनेला बोलली.” कळलेलं बरोबर असायचं.

मी जर लॉर्डांमध्येच राहिलो असतो तर माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण कोणीतरी सांगितलं ‘व्हेरा’ बघा. 2011 पासून 2025 पर्यंत चाललेली मालिका. ब्रेंडा ब्लेथिन म्हणजे जुनाट टोपी, चुरगळलेला रेनकोट आणि धूळ खाल्लेली लँड रोव्हर घेऊन फिरणारी पोलीस अधिकारी. जागा इंग्लंडच्या पार ईशान्येला, नॉर्थंबरलंड. बाईंनी तोंड उघडलं आणि मी मान पुढे केली. समोरच्या मच्छीमाराने उत्तर दिलं आणि मी आवाज वाढवला. आवाज वाढल्यावर तेच मला मोठ्याने कळेना.

“काय म्हणाला?” आई.

आता न्यूकॅसलकडची बोली मी कॉलेजात कुठून शिकवणार? पण वर्गात पन्नास डोळे रोखलेले असताना न आलेल्या ओळीचा अर्थ ठोकून द्यायची सवय हाडात मुरलेली. म्हटलं, “बांधावरून वाद आहे. दोन भावांचा.”

आईने मान डोलावली. सातारा जिल्ह्यात खून झाला आणि तो बांधावरून झाला असं सांगितलं तर पुढे कोणी काही विचारत नाही. गंमत म्हणजे हे बऱ्यापैकी खपलं. ‘व्हेरा’मधल्या खुनाचं मूळ वीस-तीस वर्षांपूर्वी घरच्याच कोणीतरी पुरून ठेवलेल्या भानगडीत सापडतं, त्यामुळे माझे भाऊ आणि माझा बांध पुष्कळ भागांना चपखल बसले. मग आला होली आयलंडचा भाग. जुने शाळासोबती बेटावर जमलेत. बेटाला जोडणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. चारी बाजूंनी राखाडी समुद्र.

“बांधावरून,” मी म्हणालो.

“अरे, कसला बांध?” आई म्हणाली. “जमीन कुठंय?”

सौ. त्या वेळी लसूण सोलत होती. तिने वर पाहिलं नाही, पण सोलायची थांबली.

ती थांबली याचं कारण पुढे ‘लाइन ऑफ ड्यूटी’त उलगडलं. पोलिसांमधल्याच लाचखाऊ पोलिसांना पकडणारं एसी-12 हे खातं, त्याची ही मालिका, जेड मर्क्युरिओने लिहिलेली. लिहिलेली म्हणण्यापेक्षा आद्याक्षरांत टाइप केलेली. ओसीजी, यूसीओ आणि सारखं ‘चिस’. चिस असं म्हणाला, चिसने तसं कळवलं. मी आईला समजावलं, की चिस नावाचा एक मनुष्य आहे, तो मोठा महत्त्वाचा आहे, फक्त अजून पडद्यावर आलेला नाही. आई दोन रात्री त्या चिसची वाट बघत बसली. येणाऱ्या प्रत्येक नटाला “हा का रे?” म्हणून विचारायची.

“अहो, खबऱ्या हो,” सौ. म्हणाली. “गुप्त खबऱ्या. सरकारी भाषेत लांब नाव आहे, त्याची आद्याक्षरं.”

सौ. जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागातून निवृत्त झाली. खातेनिहाय चौकशी म्हणजे तिचं माहेर. या मालिकेत टेबलाच्या दोन बाजूंना बसून वीस-वीस मिनिटं नुसती चौकशी चालते. आधी रेकॉर्डरचा कान किटवणारा लांबलचक बीप, मग फायली, मग फोटो. माझ्यासारखा माणूस तिथे जांभई देतो. ही खुर्चीच्या टोकाला. आणि त्यातला एक नियम तर तिला साक्षात अमृत वाटला: आरोपी अधिकाऱ्याला असा हक्क असतो, की त्याची चौकशी निदान एक पद वरच्या अधिकाऱ्यानेच करावी. “बघा,” ती म्हणाली, “आमच्याकडे हे पाळलं असतं तर निम्म्या चौकश्या कोर्टात टिकल्या असत्या.” एड्रियन डनबरचा सुपरिटेंडेंट हेस्टिंग्ज टेबलावर हात आपटायला लागला, की ही आधीच सांगायची, आता हा परिशिष्ट काढणार. आणि तो काढायचा.

या काळात घरातल्या चहाच्या पावडरीचा खप दुप्पट झाला, ते वेगळंच. ब्रिटिश मालिकेत कुणी मेल्याची बातमी आली, की पोलीस आधी किटली लावतात. ‘हॅपी व्हॅली’ घ्या, ‘ब्रॉडचर्च’ घ्या. पडद्यावर पाणी उकळलं की आईला तलफ यायची आणि सौ.ला उठावं लागायचं. तिने एकदा मला उठायला सांगितलं, तेव्हा मी उठण्याऐवजी माहिती दिली. म्हटलं, तिकडे लोकप्रिय कार्यक्रम संपला की लाखो घरांत एकदम विजेच्या किटल्या सुरू होतात, म्हणून वीज मंडळाची माणसं टीव्हीचं वेळापत्रक बघत बसतात. वेल्समध्ये डिनॉर्विग इथे डोंगर पोखरून 1984 साली वीजकेंद्र काढलंय. रात्री पाणी वर चढवून ठेवायचं आणि मागणी उसळली की काही सेकंदांत खाली सोडायचं. 1990 च्या विश्वचषकात इंग्लंड पश्चिम जर्मनीशी पेनल्टीवर हरलं, तेव्हा मागणी झटक्यात 2,800 मेगावॉटने वाढली. म्हणजे आपल्या कोयनेची झाडून सगळी यंत्रं फिरवली तरी पुरी पडणार नाहीत इतकी.

“ते डोंगर पोखरतात,” सौ. म्हणाली. “तुम्हाला फक्त गॅस लावायचाय.”

‘डेरी गर्ल्स’ने माझं पद गेलं. उत्तर आयर्लंडमधलं डेरी, नव्वदचं दशक, रस्त्यावर सैनिक, पुलावर बॉम्बची अफवा, आणि कॉन्व्हेंटमधल्या चार पोरी अन् एक इंग्रज पोरगा एकाच श्वासात एकमेकांच्या अंगावर बोलताहेत. अमेरिकेत लोकांनी ही मालिका सबटायटल्स लावून पाहिली, असं मी नंतर वाचलं आणि मला फार धीर आला. पण त्या रात्री मी एक पूर्ण प्रसंग गप्प होतो.

“झोपला का गं हा?” आईने सौ.ला विचारलं.

सौ.ने माझ्या मांडीवरचा रिमोट उचलला आणि कुठलंसं बटण दाबलं. खाली पांढऱ्या अक्षरांत ओळी धावू लागल्या. तिने चष्मा सारखा केला आणि आईला सांगायला सुरुवात केली. आई खो खो हसली. माझ्या दुभाषेपणात ती कधी हसली नव्हती, कारण माझ्या गोष्टींमध्ये सतत भाऊबंदकी.

गेलेली पत परत मिळवायची, तर मोठं काहीतरी करायला हवं होतं. ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’. मार्टिन मॅकडोनाचा 2022 चा सिनेमा, नऊ ऑस्कर नामांकनं (मिळालं एकही नाही, हे मी गाळलं), आणि मुख्य म्हणजे चित्रीकरण इनिशमोर बेटावर. सिंजच्या अरान बेटांवर! माझ्याच मौर्याच्या अंगणात! मी आधी पहिला अर्धा तास बघून ठेवला. हिरवीगार कुरणं, दगडी गडगे, समुद्र, एक गोड छोटंसं गाढव. लगेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘रविवारी सायंकाळी आमच्या घरी, खेड्यातल्या दोन मित्रांची निसर्गरम्य, हलकीफुलकी कथा. सहकुटुंब यावे.’

सगळे आले. तळमजल्यावरचे शिंदेकाका आले आणि दुसऱ्या मजल्यावरचे गोखलेकाकाही. इथे पार्श्वभूमी सांगायला हवी. हे दोघे पूर्वी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जोडीने फिरायला जात. शिंदेकाका एसटीत होते. खंबाटकी घाटात ब्रेक निकामी झाल्याची त्यांची एक गोष्ट आहे, ती चढ संपेपर्यंत पुरते आणि उतारावर पुन्हा सुरू होते. गोखलेकाका पेटी वाजवतात. एके दिवशी गोखलेकाका एकटेच गेले. तेव्हापासून दोघांत अबोला. कारण पार्किंगचं, असं सगळे धरून चालतात.

मी कंदी पेढे फिरवले, सिंजवर दहा मिनिटं बोललो, आणि लावलं.

सिनेमात पोरिक नावाचा साधासुधा माणूस नेहमीप्रमाणे दुपारी दोन वाजता मित्राला पबमध्ये न्यायला येतो. मित्र कोल्म दार उघडत नाही. मग स्पष्टच सांगतो: तू मला आता आवडत नाहीस. तू कंटाळवाणा आहेस. तट्टाच्या लिदीत काय सापडलं यावर तू दोन तास बोललास. मला उरलेलं आयुष्य संगीताला द्यायचंय.

सौ. हे सगळं सुबक मराठीत सांगत होती. दिवाणखान्यात पेढ्याचा कागद वाजला तरी ऐकू यावा, अशी परिस्थिती. शिंदेकाका दाराशी, गोखलेकाका गॅलरीशी. मधले सगळे ताठ मानेने समोर बघताहेत, कारण मान वळवली तर कुणाकडे वळली ते दिसणार.

“हलकीफुलकी आहे ना हो सर?” कोणीतरी विचारलं.

“पुढे होईल,” मी म्हणालो. पुढचं मी पाहिलंच नव्हतं.

पुढे कोल्म म्हणाला, की तू पुन्हा माझ्याशी बोललास तर दर वेळी मी माझं एक बोट कापून तुला देईन. पोरिक बोलला. कोल्मने बोट कापलं आणि त्याच्या दारावर फेकून मारलं. ‘थप्’ असा आवाज झाला. जोशीकाकूंच्या तोंडात पेढा होता. तो त्यांनी रुमालात काढून ठेवला. सगळ्यांची नजर आपसूक गोखलेकाकांच्या बोटांकडे गेली. त्यांनी हात कुर्त्याच्या खिशात घातले. मी “आयरिश यादवी युद्धाचं रूपक आहे हे, 1923 चा काळ आहे,” असं म्हणून बघितलं, पण रूपकातलं रक्त फार खरं दिसत होतं. उरलेली चार बोटंही दारावर आली. आणि त्यातलं एक बोट घशात अडकून ते गाढव, जेनी, मेलं.

आई रडायला लागली. मग जोशीकाकू. मग एक लहान मुलगी इतक्या जोरात, की तिच्या आईने तिला उचलून नेलं आणि जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं, की तशी ब्रेंडा ब्लेथिनसुद्धा खुन्याकडे बघत नाही. पोरिकने कोल्मचं घर पेटवेपर्यंत निम्मी खोली रिकामी झाली होती. पेढे उरले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, म्हणजे सौ.कडे, लेखी अर्ज आला. विषय: सरांनी ग्रुपवर सिनेमाचे आमंत्रण टाकण्यास मनाई करणेबाबत. मजकूर शिंदेकाकांचा, कारण त्यात ‘ब्रेक निकामी’ हा शब्दप्रयोग होता, अक्षर गोखलेकाकांचं. म्हणजे दोघं कुठेतरी शेजारी बसले असणार आणि एकाने सांगून दुसऱ्याने लिहिलं असणार. खाली दोघांच्या सह्या, एकाच पेनाच्या. मी सौ.ला म्हटलं, बघ, माझ्यामुळे दिलजमाई झाली. ती म्हणाली, तसं अर्जात नमूद नाही.

तिने आवक क्रमांक टाकला, तारीख घातली आणि चौकशी लावली. मी म्हटलं, लावा, पण नियमाने. चौकशी अधिकारी निदान एक पद वरचा हवा.

“आहे की,” सौ. म्हणाली, आणि आईची खुर्ची माझ्या समोर आणून ठेवली.

आईने पदर सारखा केला, घसा खाकरला, तो बीपपेक्षाही लांब, आणि विचारलं, “गाढवाचं तुला आधी माहीत होतं का नाही, तेवढं सांग.”