हिवाळ्याची वेगळी चाकं

हिवाळी टायरसाठी चार रिम वेगळ्या घ्याव्यात की नाहीत, हा प्रश्न थंड देशांतला आहे. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते. जर्मनीत तर बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. वेगळ्या रिम घेतल्या की सुरुवातीला खिसा हलका होतो. पण दर मोसमात टायर उतरवणं, चढवणं, बॅलन्सिंग हा खर्च वाचतो. दोन-चार हिवाळे गाडी ठेवायची असेल, तर हिशेब जमतो.

बीडजवळच्या पालीत बर्फ दिसतो तो रसवंतीत. तरीही हिवाळ्याच्या वेगळ्या चाकांची सोय बीड जिल्ह्यात फार पूर्वीच झाली आहे, तीही डोक्याला ताप न देता. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या गाडीवानाला कारखाना टायरगाडी देतो. बैल त्याचे, चाकं कारखान्याची, आणि भाडं बिलातून परस्पर कापलेलं. घ्यावं की न घ्यावं, यावर रात्र जागवावी लागत नाही. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली तेव्हाच निर्णय झालेला असतो. बॅलन्सिंगही आपोआप होतं: एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको, आणि दोघं मिळून हिशेबात एक कोयता.

हंगाम संपून पट्टा पडला की चाकं कारखान्याकडे जमा होतात. उचल फिटली नसेल, तर तिची बाकी तेवढी गावी येते.