लाउंजप्रवेशाचा शास्त्रोक्त विधी

विमान दुपारी साडेबाराचं असलं तरी लाउंजची तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते. रात्री मुगाची खिचडी, तीही अर्धी वाटी. सकाळी निघताना नुसतं पाणी. आई ‘दोन घास खाऊन जा रे’ म्हणाली तर तिच्या पाया पडावं, खाऊ मात्र नये.

लाउंज कोणासाठी असतं, याचं उत्तर काळानुसार बदलत गेलं आहे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर 1939 साली अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडमिरल्स क्लब’ काढला, तेव्हा तिथे निवडक निमंत्रितांनाच प्रवेश होता. आता ज्याच्या खिशात बँकेने गळ्यात मारलेलं एखादं क्रेडिट कार्ड आहे, तो प्रत्येक जण अॅडमिरल. त्यामुळे मुंबईच्या टर्मिनल 2 वर सुरक्षा तपासणी उरकून, पट्टा पुन्हा कमरेला बांधून आपण लाउंजच्या दिशेने निघालो की पन्नासेक अॅडमिरल चाकाच्या बॅगा घेऊन रांगेत उभे दिसतात. हे पाहून खचू नये. रांग आहे म्हणजे आत गरम काहीतरी आहे.

काउंटरवर बोर्डिंग पास आणि कार्ड द्यावं. कार्ड चालतं की नाही हे पाहण्यासाठी यंत्रावर बहुधा दोन रुपये कापले जातात. हे दोन रुपये फार महत्त्वाचे. ‘फुकट खाल्लंस’ असं कोणी म्हणालं तर मोबाइलवरचा तो मेसेज दाखवता येतो. खरा हिशेब पडद्यामागे चालतो. तुमच्या प्रत्येक भेटीचे पैसे बँक लाउंजवाल्याला मोजते आणि बऱ्याचदा मध्ये एखादी मध्यस्थ कंपनी असते. हे अॅडमिरल फार झाले, हे बँकांच्याही ध्यानात आलं. म्हणून आता बऱ्याच कार्डांवर अट आहे, की मागच्या तिमाहीत अमुक हजारांची खरेदी केली असेल तरच या तिमाहीत प्रवेश. म्हणजे एका इडलीच्या हक्कासाठी आधी मिक्सर, मग पडदे, मग मेहुणीच्या मुलीला सायकल. अभ्यासू माणूस तिमाही संपायच्या आठवड्यात विम्याचा हप्ता भरून मोकळा होतो. (विम्याची रक्कम या हिशेबात धरली जाते की नाही, हे अटींच्या बारीक अक्षरांत आधी वाचावं. नाहीतर विमाही गेला आणि इडलीही.)

जोडप्यांची परीक्षा इथेच होते.

“अहो, यांच्या म्हणण्याप्रमाणे तुमच्या कार्डावर एकच जण जातो.”

“मग तू जा. मी बाहेर थांबतो.”

हे वाक्य उच्चारताना चेहऱ्यावर त्याग दिसावा, पण आवाज काउंटरवरच्या मुलीला ऐकू जाईल इतका मोठा असावा. ती विरघळत नाही. तिने आजवर असे हजार त्याग पाहिले आहेत. शहाणे लोक म्हणूनच आधीच बायकोच्या नावे अॅड-ऑन कार्ड काढून ठेवतात, आणि त्यावर स्वतंत्र प्रवेश मिळतो का, हेही विचारून घेतात.

आता वेळेचं गणित. बहुतेक लाउंजांत विमान सुटण्याआधी तीन तासांच्या आत आलात तरच घेतात. तेव्हा साडेबाराच्या विमानाला साडेनऊला दारात हजर. ही वेळ उगाच निवडलेली नाही. नाश्ता उचलून जेवण मांडायचा जो संधिकाळ असतो, तो या तीन तासांत अलगद बसतो. पोहे, उपमा आणि सांबार जाऊन राजमा, पनीर आणि जिरा राइस येतात, त्या अर्ध्या तासाला ज्याने खुर्ची सोडली तो हरला. खुर्चीवर आधी बॅग, बॅगेवर स्वेटर, स्वेटरवर वर्तमानपत्र अशी स्थापना करावी. तरीही लग्नाच्या पंगतीसारखं कोणीतरी पाठीशी येऊन उभं राहतंच, तुमच्या ताटातल्या शेवटच्या घासावर नजर ठेवून. त्यांच्याकडे पाहू नये. हळूहळू चावावं.

पहिल्या फेरीत ब्रेड, कॉर्नफ्लेक्स आणि इडली यांना हात लावू नये. हे पोट भरण्यासाठी मांडलेले सापळे आहेत. आधी सगळ्या झाकणांखाली काय आहे ते पाहत एक चक्कर मारावी. चक्कर मारताना ‘मला विशेष भूक नाही, नुसतं बघतोय’ असा चेहरा ठेवावा. कॉफीच्या यंत्राला सात बटणं असली तरी सगळ्यांतून जवळपास एकच पेय येतं, त्यामुळे तिथे चर्चासत्र भरवू नये. पिशवीत केळं किंवा मफिन सरकवणं नियमात बसत नाही, आणि तुम्ही ते सरकवताना समोरच्या टेबलावरच्या काकू पाहत असतात. त्यांच्या पिशवीत दोन आहेत.

या साऱ्या तपश्चर्येवर अलीकडे एक संकट घोंघावतं आहे. डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला आणि तिथे चहा 10 रुपयांत मिळू लागला. असे कॅफे सगळीकडे निघाले तर अर्धी खिचडी खाऊन झोपण्यात काय अर्थ उरणार, याचा विचार सरकारने केलेला दिसत नाही.

आता बाहेर पडण्याविषयी. मुंबईत प्रत्येक विमानाच्या बोर्डिंगची घोषणा होत नाही. गुलाबजाम तिसरा की चौथा या विचारात असताना तुमचं नाव कोणी पुकारेल, या भरवशावर राहू नये. देशांतर्गत विमानाचं गेट साधारण 25 मिनिटं आधी बंद होतं, आणि ते नेमकं टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला असतं. भरल्या पोटी धावणं आरोग्याला बरं नव्हे. म्हणून चाळीस मिनिटं आधी वर्तमानपत्र, स्वेटर आणि बॅग या उलट्या क्रमाने विसर्जन करावं.

विमानात बसल्यावर हवाई सुंदरी ट्रॉली घेऊन येईल. तिकिटासोबत जेवण बुक केलेलं असेल तर पोटात तिळाइतकी जागा नसली तरी ते घ्यावंच. ते वेगळ्या खात्यातलं आहे.